जिल्हा परिषदेची शाळा, शिक्षक आणि शासन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवतो. पालकसभेत, एसटीच्या थांब्यावर, लग्नाच्या पंगतीत ‘गुरुजी, एक विचारू का?’ म्हणून जे प्रश्न येतात, ते इथे उतरवून काढलेत. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांनी फोनवर विचारलेले दोन-चार प्रश्नही आहेत. उत्तरं माझी आहेत, खात्याची नाहीत.

गावातली मराठी शाळा नक्की कोणाची? शासनाची, जिल्हा परिषदेची की गावाची?

तिघांची, आणि म्हणूनच घोळ. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हा प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. शिक्षक जिल्हा परिषदेचा कर्मचारी, पगाराचा पैसा राज्य शासनाचा, गणवेशासारख्या योजनांचा पैसा समग्र शिक्षामधून, म्हणजे त्यात केंद्राचाही वाटा. पुस्तकं बालभारतीची, प्रशिक्षण पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचं आणि जिल्ह्याच्या डाएटचं, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचं. इमारतीचा पत्रा उडाला तर मात्र पहिला फोन सरपंचांना जातो.

शिक्षकाच्या डोक्यावर उतरंड अशी: मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख (केंद्र म्हणजे दहा-बारा शाळांचा गट), विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी, जिल्हा परिषदेचे सीईओ, त्यावर पुण्यातलं आयुक्तालय आणि मग मंत्रालय. एकच माहिती या उतरंडीतल्या निम्म्या पायऱ्या वेगवेगळ्या नमुन्यात मागतात. ‘तात्काळ’ आणि ‘आज दुपारी दोनपर्यंत’ हे शब्द आम्हाला पाढ्यांसारखे पाठ आहेत.

गुरुजी वर्गात मोबाईल घेऊनच का बसलेले असतात?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगतो.

माझ्या शाळेत दोन खोल्या, चार वर्ग, पट चौतीस. परिपाठ झाला की हजेरी. एकदा कागदी हजेरीपटावर, एकदा मोबाईलवरच्या चॅटबॉटवर. तेवढ्यात ताई स्वयंपाकाला येतात. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, असं प्रमाण आहे. एकतीस मुलं हजर असतील तर ३ किलो १०० ग्रॅम तांदूळ काट्यावर मोजून द्यायचा, साठा नोंदवहीत आजचा खर्च नि शिल्लक मांडायची, चव नोंदवहीत सही घ्यायची आणि तोच आकडा ॲपवर टाकायचा. नेट फक्त खिडकीच्या कोपऱ्यात येतं, म्हणून गुरुजी खिडकीत उभे. तेवढ्या वेळात पहिलीतल्या पोराने पाटीवर ‘ग’ काढून दाखवायला आणलेला असतो आणि तो तीनदा ‘गुरुजी, बघा की’ म्हणून जागेवर परत गेलेला असतो.

हे काम फालतू आहे असं मी म्हणत नाही. खिचडीमुळे पोरं शाळेत टिकतात हे डोळ्यांनी पाहिलंय, आणि हिशेब नको म्हटलं तर तांदळाला पाय फुटायला वेळ लागत नाही. मुद्दा एवढाच की तीन शाळांत मिळून एक लिपिक दिला असता तर तो ‘ग’ मी पहिल्याच हाकेला पाहिला असता. प्राथमिक शाळेला शिपाई नाही, लिपिक नाही. कुलूप उघडण्यापासून स्वच्छतागृहात पाणी ओतण्यापर्यंत सगळं दोन शिक्षक आणि चौथीतली मोठी पोरं.

शिक्षकांना शिकवण्याशिवाय दुसरी कामं देता येत नाहीत ना? कायदा आहे म्हणे.

आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि स्थानिक संस्था, विधिमंडळ व संसदेच्या निवडणुका, एवढी कामं सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. मतदारयाद्यांच्या कामाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच म्हटलं होतं की ते सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याची वेळ सोडून करून घ्यावं.

प्रत्यक्षात काय होतं? तहसील कार्यालयातून बीएलओचा, म्हणजे मतदान केंद्राची मतदारयादी सांभाळायच्या कामाचा, आदेश येतो. त्यावर ‘टाळाटाळ केल्यास कारवाई’ हे वाक्य ठळक असतं, शाळेच्या वेळेबद्दल अक्षर नसतं. आदेश महसूल खात्याचा, शिक्षक जिल्हा परिषदेचा. मधे बोलणारं कोणी नाही. २०२४ मध्ये राज्य शासनाने कोणतं काम शैक्षणिक आणि कोणतं अशैक्षणिक याची यादीच केली. यादी झाली हे चांगलंच. पण ती पाहून आमच्या केंद्रातले एक ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, ‘आता अशैक्षणिक कामं कमी होतील असं नाही, त्यातली बरीच शैक्षणिक होतील.’ लांबलेली जनगणना अजून समोर उभीच आहे. ती आम्ही करू, ती कायद्यातच आहे.

शासन निर्णय काढायच्या आधी शिक्षकांना विचारतात का?

क्वचित. आणि विचारलं नाही की काय होतं, ते गणवेशाच्या गोष्टीत नीट दिसतं.

आधीची पद्धत साधी होती. मुलामागे दोन गणवेशांचे ६०० रुपये शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात यायचे. समिती तालुक्याच्या दुकानातून कापड आणायची, गावातला शिंपी अंगावर माप घ्यायचा, आणि पैसे आधी आले तर जूनमध्ये, नाही तर १५ ऑगस्टला तरी सगळी पोरं नव्या कपड्यांत उभी राहायची. त्यातही कुरबुरी असत. कापड विटायचं, पैसे उशिरा यायचे.

२०२४-२५ साली ‘एक राज्य एक गणवेश’ आला. कापड राज्यात एकाच ठिकाणी घ्यायचं आणि बचत गटांच्या महिलांकडून शिवून घ्यायचं. हेतू वाईट नव्हता: एकसारखा दर्जा आणि बायकांच्या हाताला काम. पण माप ठरवताना कोणी वर्गात डोकावलं नाही. चौथीतला आमचा एक पोरगा दुसरीतल्याएवढा आहे आणि दुसरीतली एक मुलगी चौथीच्या उंचीची. आलेल्या गठ्ठ्यावर आकडे होते, पोरं त्या आकड्यांची नव्हती. ध्वजवंदनाला कितीतरी शाळांत जुनेच कपडे होते. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये शासनानेच निर्णय फिरवला आणि गणवेश पुन्हा व्यवस्थापन समितीकडे दिला. म्हणजे जी गोष्ट कुठलाही मुख्याध्यापक एप्रिलमध्ये चहाच्या कपाइतक्या वेळात सांगू शकला असता, ती कळायला एक शैक्षणिक वर्ष गेलं.

पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेचंही तसंच. एप्रिल २०२५ मध्ये निर्णय, जूनमध्ये दुसरा निर्णय आणि २९ जूनला दोन्ही मागे. त्यात राजकारण होतं हे कबूल. पण पहिलीच्या बाईंना आधी विचारलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, तासिका कुठून आणायची?

शासन आणि शिक्षकांचं सहकार्य म्हणजे सत्कार आणि ५ सप्टेंबरचं भाषण असं समजण्याची आपली रीत आहे. मला ते निर्णयाच्या मसुद्यावर हवंय. मसुदा महिनाभर आधी केंद्राच्या शिक्षण परिषदेत वाचा, दहा-बारा शाळांचे शिक्षक तिथे महिन्याला जमतातच. आत्ता तिथे सूचना वाचल्या जातात, विचारल्या जात नाहीत.

शिक्षक आमदार असतात की. ते बोलत नाहीत का?

विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षक मतदारसंघांच्या. पण गंमत ऐका. राज्यघटनेच्या कलम १७१ प्रमाणे तिथे मतदान करता येतं ते माध्यमिक शाळेच्या खाली नसलेल्या संस्थांत शिकवणाऱ्यांना. म्हणजे पहिली ते चौथीच्या जिल्हा परिषद शिक्षकाला शिक्षक आमदार निवडायला मतच नाही. सभागृहातली बरीच चर्चा खासगी शाळांच्या अनुदानाच्या टप्प्यांवर आणि माध्यमिकच्या प्रश्नांवर का होते, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

लाखभर पगार घेऊन रडता कशाला?

ज्येष्ठ शिक्षकाचा पगार चांगला आहे. ते लपवण्यात अर्थ नाही, आणि असायलाच हवा. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं तेव्हा प्राथमिक शिक्षकाला दरमहा निदान बारा रुपये मिळावेत, शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि शेतकरी समाजातूनही यावेत, असं मांडलं होतं. पोटाला चिमटा घेऊन कोणी चांगलं शिकवत नाही, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

मात्र ‘लाखभर’ सगळ्यांना नाही. नवा शिक्षक तीन वर्षं शिक्षण सेवक असतो. त्याचं मानधन प्राथमिकला ६ हजार होतं, ते २०२३ पासून १६ हजार झालं. नंदुरबारच्या पोराला सिंधुदुर्गात नेमणूक मिळाली तर खोलीभाडं आणि वर्षातून दोनदा गावी जाणं यातच ते संपतं. आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ चा संप त्यावरूनच झाला.

संघटना पगार आणि बदल्या सोडून कधी शिक्षणावर बोलतात का?

बोचरा प्रश्न आहे आणि बराचसा खरा. मी स्वतः एका संघटनेचा सभासद आहे. आमच्या अधिवेशनांतले ठराव वाचले तर पेन्शन, श्रेणी, बदल्या यांनी पानं भरतात आणि तिसरीतल्या पोराला वाचता का येत नाही यावर दोन ओळी.

पण बदल्यांचा विषय तितका स्वार्थी नाही. २०१८ च्या आधी बदली म्हणजे काय होतं ते जुन्या शिक्षकांना विचारा. उन्हाळ्यात जिल्हा परिषदेच्या आवारात जत्रा भरायची आणि वशिला असलेला माणूस वर्षानुवर्षं तालुक्याच्या गावात. डोंगरातल्या शाळेला मात्र वशिला नसलेला, नाराज शिक्षक. ऑनलाइन बदल्या आल्या, अवघड क्षेत्रात तीन वर्षं काढली तर हक्काने सोपी शाळा मिळू लागली. या पद्धतीतल्या त्रुटींवर आम्ही खूप भांडलो. खोटी आजारपणाची प्रमाणपत्रं लावून पहिल्या संवर्गात, म्हणजे आजारी-अपंगांसारख्यांना बदलीत प्राधान्य देणाऱ्या गटात, घुसणारेही आमच्यातलेच होते. तरी एक खात्रीने सांगतो, अवघड गावातल्या मुलांना त्यामुळे जरा तरी न्याय मिळाला.

पट कमी झाला तर शाळा बंद करतील का?

भीती खोटी नाही. महाराष्ट्राच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असं आहे. कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. दुसरीकडे २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विषय आला, आणि १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, निर्णयाने वरच्या वर्गांचे शिक्षक कमी होणार असं दिसलं. २५ सप्टेंबर २०२४ ला शिक्षकांनी सामूहिक रजा टाकून जिल्हाधिकारी कार्यालयांवर मोर्चे काढले ते याच रागातून.

सहा पोरांची शाळा शिक्षणाच्या दृष्टीने आदर्श असते असं मी म्हणणार नाही. खेळायला गडी नाहीत, वाचून दाखवायला ऐकणारा नाही. पण नकाशावरचं अंतर आणि पायाखालचं अंतर यात ओढा असतो. जुलैत तो ओढा गुडघ्याच्या वर वाहतो आणि आठवीच्या मुलीला आई म्हणते, ‘राहू दे आता.’ गाडी देऊ म्हणतात. गाडीचा ठेका मार्चला संपतो आणि जूनमध्ये नवा निघेपर्यंत कोण सोडणार? शाळा बंद करायची की नाही हे ठरवायच्या आधी अधिकाऱ्यांनी एकदा पावसात त्या वाटेने चालावं.

आणि पट आधारवर मोजतात. पोराच्या आधारमध्ये नावाचं एक अक्षर चुकलं तर पोर समोर बसलेलं असतं, पण मोजणीत नसतं.

न्याय्य शिक्षण म्हणजे सगळ्यांना सारखंच ना?

नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या पोराला आणि बागायतदाराच्या पोराला सारखंच दिलं तर पहिल्याचं नुकसान झालं. बीडकडची कुटुंबं दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. त्यांच्यासाठी गावातच हंगामी वसतिगृहं निघाली, सोबत न्यायला, तिकडच्या शाळेत दाखवायला शिक्षण हमी कार्ड आलं. कागदावर दोन्ही उत्तम. पण वसतिगृहाची मंजुरी टोळी निघून गेल्यावर आली तर आजी-आजोबांकडे पोर ठेवायला बाप तयार होत नाही, ते फडावर जातं. इथे शिक्षक एकटा काही करू शकत नाही आणि शासनही नाही. दसऱ्याला घरोघर जाऊन ‘पोराला ठेवून जा’ म्हणणारा शिक्षकच लागतो, आणि त्याच आठवड्यात मंजुरीवर सही करणारा अधिकारी.

दुसरं उदाहरण भाषेचं. मेळघाटात घरी कोरकू, भामरागडात माडिया, धडगावात पावरी. पहिलीतल्या पोरापुढे मराठी पुस्तक म्हणजे परकी भाषाच. तिकडच्या शिक्षकांनी शब्दांच्या याद्या, दुभाषी गोष्टी स्वतः तयार केल्यात. बदली झाली की नवा शिक्षक पुन्हा शून्यापासून, कारण ती वही शाळेची नसते, गुरुजींची असते.

शासन आणि शिक्षक यांचं कधी जमलंय का?

जमलंय. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळा) शिक्षकांनी आणि विस्तार अधिकाऱ्यांनी मिळून ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकायची, पद्धत वर्गात उतरवली. फरशीवर आखलेले खेळ, चिंचोके, काड्या, मुलं गटात, शिक्षक त्यांच्यात खाली बसलेला. राज्यभरातून शिक्षक गाड्या करून पाहायला गेले, बरेच स्वखर्चाने. २२ जून २०१५ चा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा निर्णय आला तेव्हा हे वारं वाहत होतं. त्या दोन-तीन वर्षांत शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर आदेशांपेक्षा वर्गातले फोटो जास्त असायचे.

मग बिघडलं कुठे? फरशी रंगवणं हेच काम झालं. शाळा ‘प्रगत’ असल्याची टक्केवारी वर पाठवायची ठरली, आणि टक्केवारी मागितली की ती येतेच. लोकवर्गणीतून टीव्ही आले. ज्या गावाकडे ऊस होता तिथे मोठे, वस्तीवर काहीच नाही. आमच्या शाळेतही एक आहे. वीजबिल थकलं, मीटर काढून नेलं, तेव्हापासून तो टीव्ही ओढणीखाली झाकून ठेवलाय. पोरं त्याला ‘नवरी’ म्हणतात.

तिसरीतल्या मुलाला वाचता येत नसेल तर जबाबदार कोण?

त्याचा वर्गशिक्षक, म्हणजे मी. संचमान्यता, ॲप, बीएलओ ही सगळी कारणं खरी आहेत, पण त्यातलं एकही कारण त्या पोराच्या आईला सांगावंसं वाटत नाही. देशभरातल्या खेड्यांत होणाऱ्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत २०२४ साली सरकारी शाळांतल्या तिसरीच्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. आधीच्या फेरीपेक्षा आकडा वाढलाय, तरी चारातलं एकही पूर्ण होत नाही.

नोकरीत असलेल्यांनाही आता टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) द्यावी लागणार का?

सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाप्रमाणे सेवानिवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी असलेल्यांनी दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायचं आहे. पाच वर्षांपेक्षा कमी राहिलेल्यांना नोकरीपुरती सूट, पण टीईटीशिवाय पदोन्नती नाही. अभ्यासाला लागा. चिडून झालं असेल तर गणितापासून सुरुवात करा.

गुरुजींची स्वतःची मुलं इंग्रजी शाळेत का?

माझी मुलगी माझ्याच शाळेत शिकली. सगळ्यांची नाहीत, आणि त्याचं पटण्यासारखं उत्तर माझ्याकडे नाही.

आम्ही पालक काय करू शकतो?

शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात ७५ टक्के पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. बहुतेक गावांत सभा म्हणजे रजिस्टर घरोघर फिरवून घेतलेल्या सह्या. तुमच्याकडेही तसंच येत असेल तर सही करू नका, सभेची तारीख विचारा. सभेत पोराचं वाचन ऐकायला मागा, तुमच्यासमोर. शिक्षक कमी असेल, मीटर कापलेलं असेल तर समितीचा ठराव करा आणि मुख्याध्यापकांच्या पत्रासोबत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. शिक्षकाने मागितलेला शिक्षक आणि गावाने मागितलेला शिक्षक यात साहेब फरक करतात, हे मी अनुभवाने सांगतो. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. तोंडी ‘बघतो’ म्हणाले तर तिथेच बाकावर बसा, साहेब जेवायला दीडला बाहेर येतात.